जेर्मेनकाकूचा नवरा

जेर्मेन म्हातारी मरत नव्हती, ही गावाची अडचण होती. त्याहून मोठी अडचण खुद्द तिची होती, कारण मरायचा शब्द तिनंच दिला होता.

त्याचं झालं असं. तीन वर्षांपूर्वी, द्राक्षांची तोडणी उरकल्यावर, शेजारची उर्सूल तिच्या चुलीपाशी येऊन रडत बसली. नेपोलियन बादशहाची फौज रशियाच्या बर्फात गेली ती तिकडेच राहिली. आता त्याला नवी पोरं हवी होती, आणि उर्सूलचा ब्लेझ भरतीच्या वयाचा होता. कुणी उजव्या हाताचं बोट तोडून घेत होतं. लोहाराच्या पोरानं तर काडतूस दातानं फोडता येऊ नये म्हणून पुढचे दात उपटून घेतले, तर त्याला तोफेचे घोडे हाकायला नेला. दात गेले ते गेले, पोरगंही गेलं. सूट होती ती फक्त लग्न झालेल्यांना.

“मग सिदोनीशी लाव की त्याचं लग्न. दोघं एकमेकांत गुंतलीत, सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“तिचा बाप नाही म्हणतो, काकू. म्हणतो, उद्या बादशहानं नियम फिरवला तर माझी पोर विधवा व्हायची. आधी भरती चुकव, मग माझ्या दारात ये.” उर्सूलनं एप्रनला डोळे पुसले. “तुम्ही एकट्या आहात. आणि तुम्ही तरी आता किती दिवसांच्या...”

बोलून गेल्यावर बिचारी ओशाळली. पण म्हातारीला राग आला नाही. खोकल्यानं तिची छाती फुटायची वेळ आली होती, आणि घोड्यांच्या वैद्यानं, गावात दुसरा वैद्यच नव्हता, ही काही वसंत बघत नाही असं सांगून टाकलं होतं.

कधीकाळी तिलाही त्या नेपोलियनचं कौतुक होतं हो. तो काटकुळा सेनापती होता तेव्हा तिचा थोरला आर्नो गाणी म्हणत त्याच्यामागून इटलीत गेला. आर्नो परत आला नाही, तरी तो बादशहा झाला त्या दिवशी म्हातारीनं मेणबत्ती लावली, म्हटलं पोराचं रक्त वाया नाही गेलं. मग त्यानं धाकट्या रेमीला रशियात नेलं. त्यानंतर तिनं मेणबत्त्या लावणं सोडलं.

“घेऊन ये तुझ्या पोराला,” ती म्हणाली. “एक तरी पोर त्या बादशहाच्या तोंडातून ओढून काढू. वसंतात मी मरते, मग सिदोनीच्या बापाला काय अडचण?”

लग्न मेयरच्या खोलीत लागलं. चर्चमध्ये नाही, पाद्रीबाबांनी त्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या गावी काम काढलं. मेयरनं बादशहाच्या कायद्याचं पुस्तक उघडून वाचलं, हसू दाबता दाबता त्याचे डोळे भरून आले. रात्री पोरांनी खिडकीखाली तवे-पातेली बडवली. नवरदेव माळ्यावर गवतात झोपला आणि सकाळी उठून म्हणाला, “काकू, विहिरीचं पाणी आणू का?” बायकोला काकू म्हणतो म्हणून गावाला वर्षभराची करमणूक झाली.

आता सांगा, असं पोरगं घरात आल्यावर कोण मरेल? चुलीला कोरडी लाकडं आली. छपराची गळती थांबली. कोबीच्या सूपात हंसाची चरबी पडू लागली. वसंत आला, आणि म्हातारीचा खोकला गेला. मेली नाही ती नाहीच, उलट गालांवर लाली आली.

सिदोनी रोज सकाळी विहिरीवर जाताना म्हातारीच्या धुराड्यातून धूर निघतोय का ते बघायची. पोरगी वाईट नव्हती, तोंडातून कधी शब्द काढला नाही तिनं. पण बघायची. म्हातारीला ते कळायचं, आणि चूल पेटवताना हात अवघडायचे. आपल्याच घरात विस्तव करायची चोरी झाली होती.

तिकडे बादशहा पडला, परत आला, पुन्हा पडला, आणि त्याला समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर नेऊन टाकलं. राजा आला. ब्लेझला आता कुणी नेणार नव्हतं. पण बायको होती ती होतीच. पाद्रीबाबा म्हणाले, “देवाच्या लेखी तुमचं लग्नच झालेलं नाही. मी सिदोनीचं लग्न आनंदानं लावीन, फक्त आधी मेयरकडचं झालं पाहिजे.” आणि मेयरच्या टेबलावर तेच पुस्तक होतं. मालक बेटावर गेला, पुस्तक इथंच ठेवून गेला.

“दोघांच्या राजीखुशीनं सोडचिठ्ठी मिळते ना यात?” म्हातारीनं विचारलं.

“मिळते. पण बायको पंचेचाळिशीच्या आतली हवी.”

“त्यानं स्वतः सोडली की बायको. ती काय कोवळी पोर होती?”

“तो बादशहा होता, काकू. कायदा त्यानं तुमच्या-माझ्यासाठी केला.” मेयरनं दार लोटून घेतलं. “एक वाट आहे. चारचौघांत मारहाण झाली, तर कोर्ट सोडचिठ्ठी देतं. त्यानं तुम्हाला मारलं काय किंवा तुम्ही त्याला मारलंत काय.”

ब्लेझनं प्रार्थनेनंतर चौकात हात उचलला, आणि तसाच खाली घेतला. “काकू, माझ्यानं नाही होणार.”

मग पुढच्या रविवारी म्हातारीनंच पायातला लाकडी बूट काढला. ठरलं होतं की दोन फटके मारायचे, नाटकापुरते. पण पहिला फटका बसला आणि तिचं भान सुटलं. आर्नो, रेमी, चूल पेटवायची चोरी, विहिरीवरची ती नजर, सगळं त्या बुटात उतरलं. लोकांनी ओढली तेव्हा ब्लेझच्या कानातून रक्त येत होतं आणि म्हातारी धाय मोकलून रडत होती.

इथपर्यंत ठीक होतं. पण गावाची रीत दोघंही विसरली होती. बायकोचा मार खाल्लेल्या नवऱ्याला इथं गाढवावर उलटं बसवून, हातात शेपूट देऊन गल्लीगल्लीतून फिरवतात. पोरांनी ब्लेझला उचललाच. तो मुकाट बसला. म्हणाला, कोर्टात साक्षीदार तरी भरपूर होतील. सिदोनीच्या दारावरून वरात गेली तेव्हा तिचा बाप उंबऱ्यात उभा होता. त्यानं सगळं पाहिलं आणि दार लावून घेतलं.

अर्ज तालुक्याला गेला. तारीख लागायच्या आतच शहरातून बातमी आली: राजानं सोडचिठ्ठीच बंद केली. बादशहाच्या पुस्तकातलं एवढंच पान त्यानं फाडलं. बाकीचं ठेवलं.

त्या दिवसापासून म्हातारीनं अन्न सोडलं. शब्द दिला होता, तो आता तरी पाळायचा. ब्लेझ चमचा घेऊन बसायचा. “काकू, एक घास. माझ्यासाठी.” ती भिंतीकडे तोंड करून पडायची. तुझ्यासाठीच तर चाललंय रे, हे त्याला सांगायची सोय नव्हती.

एका दुपारी दार वाजलं. सिदोनी होती, हातात झाकलेलं मडकं. ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच या घरात येत होती.

“उर्सूलमावशी म्हणाली, तुम्ही जेवत नाही.” तिनं मडकं चुलीशी ठेवलं. “माझ्यासाठी मरत असाल तर राहू द्या, काकू. रविवारी माझं लग्न आहे. गिरणीवाल्याशी.”

म्हातारी कोपरावर उठली. “पण ब्लेझ...”

“बाबा म्हणाले, गाढवावर बसलेला जावई मला नको. मी पुष्कळ रडले. रडून झालं माझं.” तिचा आवाज शांत होता. “आता तुम्ही मेलात तरी कुणाला उपयोग नाही.”

“त्याला सांगितलंस?”

“तुम्ही सांगा. बायको आहात त्याची.”

ती गेली. मडक्यातून कोबीचा, चरबीचा वास खोलीभर पसरला. म्हातारीनं बराच वेळ तिकडे पाहिलंच नाही. मग चमचा घेतला. भूक इतकी लागली होती की तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजत लाजत तिनं मडकं पावानं पुसून घेतलं.

ब्लेझ कवेत लाकडं घेऊन आत आला. रिकामं मडकं बघून त्याचा चेहरा उजळला.

“जेवलात, काकू! हे सिदोनीचं मडकं ना? तीच येऊन गेली? बघा, मी म्हणत होतो ना, तिच्या मनात काही नाही. आता सगळं नीट होईल.”

“ब्लेझ,” म्हातारी म्हणाली, “लाकडं खाली ठेव, बाळा.”