एल्बोवरची तारीख

चौक गावच्या जुन्या रस्त्यालगत सहदेवमामांचं गॅरेज होतं. बसवलेल्या प्रत्येक भागावर आकड्यांच्या पंचने तारीख ठोकायची त्यांची सवय. कुठला भाग किती टिकला, हे मग कुणाला विचारावं लागत नसे.

कळंबच्या भातगिरणीत तूस उडवणारी नळी वळणावर दर हंगामात झिजून फुटायची. मामांनी एल्बोला, म्हणजे नळीच्या त्या वाकड्या तुकड्याला, वळणाशी एक बंद खिसा जोडला. तूस खिशात साचे, मागचं तूस त्याच्यावरच घासे आणि लोखंड वाचे. तो एल्बो सहा वर्षं टिकला.

मामांची भाची हर्षला सरकारी संशोधन संस्थेत होती. कंपन्यांनी अडचणी उघड मांडायच्या, बाहेरच्यांनी तोडगे आणायचे, संस्थेने तपासून द्यायचे; हे जुळवणं तिचं काम. खालापूरच्या एका यंत्रकंपनीने नेमकी हीच अडचण मांडली.

"काढून द्या मामा. खुलं काम आहे, नाव तुमचंच लागेल."

"नावाचं काय लोनचं घालू? तू म्हनतेस तर ने."

मामांनी गिरणीतला तो एल्बो काढून दिला, हर्षलाने त्यावरची तारीख वाचून घेतली. वर मामांनी कंपनीच्या पोरांना दोन दिवस शिकवलंही. संस्थेच्या अहवालात मात्र 'स्थानिक कारागीर' एवढंच छापलं. हर्षलाने ते वाचून सही केली होती.

तीन वर्षांनी कंपनीला पेटंट मिळालं आणि मामांना नोटीस आली: असे एल्बो बनवणं थांबवा.

हर्षला धावत आली. "आधीपासून वापरात होता हे दाखवलं की पेटंट रद्द होईल. तारीख आहे ना त्यावर?"

मामांनी भिंतीकडे बोट केलं. सहभागाची आठवण म्हणून कंपनीने लाकडी पाटीवर बसवून परत पाठवलेला एल्बो तिथे होता. घासून, मुलामा देऊन चकचकीत केलेला. तारखेच्या जागी हर्षलाला स्वतःचं तोंड दिसलं.

ती खालच्या आवाजात म्हणाली, "पंच आहे ना? तीच तारीख परत ठोका. खरीच तर आहे."

मामांनी पंच उचलला, टोकावर अंगठा फिरवला आणि खोक्यात टाकला.

"आज ठोकली तर आजचीच ठोकावी लागंल गं. पन तू वाचली व्हतीस ना ती तारीख? तूच लिवून दे."

हर्षलाचा हात पर्सवरच राहिला; पेन बाहेर आलं नाही. या भानगडीत पडलात तर नोकरी जाईल, असं संस्थेच्या साहेबांनी तिला सकाळीच बजावलं होतं.

 मामांनी विक्रीला तयार असलेले चार एल्बो पुढे ओढले आणि ते तोडायला गॅस कटर पेटवला.

"लांब हो जरा. ठिनगी उडंल."