सयाजीच्या उसातला आवाज

मी एक जुना अँटेना आहे, मित्रांनो. खोडदच्या शिवारातल्या रेडिओ-दुर्बिणीच्या त्या अवाढव्य तबकड्या मात्र डोळ्यांपुढे आणू नका. मी हातात धरायचा आहे. एक दांडा आणि त्यावर माशाच्या काट्यासारख्या ॲल्युमिनियमच्या आडव्या कांड्या, एवढाच माझा देह. तबकड्यांच्या कामात खोडा घालणारा आवाज कुठून येतो, ते शोधून काढायचं, हे माझं काम होतं.

तबकड्या काय ऐकतात, ते आधी सांगतो. दूरच्या आकाशगंगांभोवती हायड्रोजन वायूचं फार विरळ आवरण असतं. ते डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच्याही पलीकडे एखादा तेजस्वी स्रोत असला, तर त्याच्या रेडिओलहरी या वायूतून येताना एका ठरावीक वारंवारतेला किंचित क्षीण होतात. आलेखावर तिथे बारीकशी खाच पडते. वायू किती आहे, किती वेगाने फिरतो आहे, हे शास्त्रज्ञ त्या खाचेवरून ओळखतात. खाच इतकी नाजूक, की शिवारात एखादी तार ठिणग्या टाकू लागली तरी ती बुजून जाते.

२००३ सालच्या हिवाळ्यात तसंच झालं. आठ दिवस आलेखावर खरखरीच्या रेघांचं नुसतं गवत माजलं होतं. तेव्हा खोडदचाच राहणारा तंत्रज्ञ गोरख मला जीपमध्ये घालून निघाला. मला यंत्राला जोडलं, की त्यातून ठिणग्यांची खरखर ऐकू यायची. ज्या दिशेला खरखर वाढेल, तिकडे गोरख चालायचा. "गोरखचे आणि त्याच्या अँटेनाचे, दोघांचेही कान तिखट," असं दुर्बिणीवरचे साहेब म्हणायचे. मला त्याचा फार अभिमान वाटे.

त्या सकाळी मी त्याला सयाजीच्या उसापाशी नेलं. सयाजी म्हणजे गोरखच्या थोरल्या बहिणीचा नवरा. उसाभोवती गुडघाभर उंचीवर उघडी तार ओढलेली होती आणि मोटारीच्या पेटीतून तिच्यात करंट सोडला होता. कोपऱ्यावर तारेचा सांधा सैल झाला होता. तिथेच कडकड चालली होती.

"दाजी, ही तार काढा. माणूस मरंल एखादं," गोरख म्हणाला.

"डुकरांनी निम्मा ऊस लोळवलाय. तार न्हाई निघायची," सयाजी म्हणाला. "तुझं काम आवाजाचं ना? मंग आवाजाचं बघ. आन् वर कुठं कागद धाडलास, तर बहिणीला काय तोंड दावशील?"

गोरखने करंट बंद करायला लावला, पक्कड घेतली आणि सांधा पिळून घट्ट केला. तारेला टेकलेली पाती कापून टाकली. सयाजीने पुन्हा करंट सोडला. गोरखने मला उंच धरलं. मला काहीच ऐकू आलं नाही.

'आवाजाचं मूळ सापडलं. दुरुस्त केलं,' असं त्याने नोंदवहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आलेखावर ती खाच उमटली. साहेबांनी गोरखच्या हातावर पेढा ठेवला. एकाने माझ्याही दांड्यावर कौतुकाने थाप मारली. तेवढ्यात सयाजीच्या रानातून निरोप आला.

सयाजीकडे कांदालागणीला घाटघरहून सावळेराम आणि त्याची बायको चिमाबाई अशी दोघं मजुरीला आली होती. सकाळी पाणी भरायला चिमाबाई उसाच्या कडेने निघाली आणि तारेला चिकटून मेली.

आम्ही पोचलो तेव्हा हवालदार आला होता. तार मात्र कुठेच नव्हती. सयाजीने ती आधीच गुंडाळून नेली होती. "मोटारीच्या पेटीला वल्ला हात लावला तिनं," तो सांगत होता.

गोरखला पाहून सावळेराम प्रेताजवळून उठला.

"भाऊ, काल तुमी हितं व्हता. ती तार रोज कडाकडा वाजायची. वाजाय लागली की आमी लांब ऱ्हायचो. गप झाली की समजायचो, मालकानं करंट काढला. आज ती गपच व्हती. मंग माझी चिमी कशी मेली?"

हवालदाराने गोरखकडे मान वळवली. "कसली तार? तुम्ही पाहिली का हो?"

बांधावर गोरखची बहीण तोंडाला पदर लावून उभी होती. गोरखने तिच्याकडे पाहिलं.

"न्हाई साहेब," तो म्हणाला. "आमी आवाज बघाया आलतो."

सावळेराम परत चिमाबाईच्या उशाशी जाऊन बसला. मला सगळं ठाऊक होतं. पण मित्रांनो, मला नुसतं ऐकता येतं.

त्यानंतर गोरखने मला कधी हातात घेतलं नाही. आता मी केबलींच्या ढिगाखाली पडून आहे, माझ्या दोन कांड्या मोडल्या आहेत. पण मला पुसा, जपून ठेवा, असं मी म्हणत नाही. एवढंच मागतो, की तुमच्या शिवारात कुठे तार कडकडत असेल, तर तिला गप करू नका. ती काढून टाका. आणि तेवढी छाती झाली नाही, तर ज्याचं माणूस गेलं त्याने विचारल्यावर तरी खरं सांगा.