‘धोटा’ गाण्याची टेप

माग बंद असतात त्या दिवशी ये, असं उमरचाचांनी फोनवर सांगितलं होतं. म्हणून धम्मप्रिया शुक्रवारी दुपारी सात रस्त्यावरून रिक्षा करून त्यांच्या कारखान्यात आली. बारा यंत्रमागांपैकी चारच उरले होते. डोक्यावरचा पत्रा तापून मधूनच कडकन वाजे. फरशी मात्र ओली होती.

"सुट्टीच्या दिवशीपण पाणी मारता?"

"हवा कोरडी पडली की सूत तुटतं. अब्बांपासूनची सवय. सुट्टी असो नसो, हात बादलीकडं जातोच." एवढं बोलून त्यांनी बादली पायानं बाजूला सारली.

तिचे बाबा, प्रदीप, फेब्रुवारीत गेले. त्यांचा आवाज मात्र त्याच्या चौदा वर्षं आधीच गेला होता, घशाच्या ऑपरेशनात. तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुढं बाबा पाटीवर लिहून बोलायचे. त्या पाट्या, खडू, अक्षर, सगळं तिच्याजवळ होतं. आवाज तेवढा नव्हता, आणि तो कसा होता हे आता तिला आठवेनासं झालं होतं. बाबांच्या कपाटात एक फोटो सापडला, त्यामागं उमरचाचांचं नाव सापडलं, त्यांच्याकडं बँडची जुनी टेप आहे असं फोनवर कळलं, आणि ती इथं आली.

चाचांनी फोटो हातात घेतला आणि हसले. लांब केसांची, डोळ्यांत काजळ घातलेली, जरीच्या कोटांतली तीन पोरं.

"हा मी, ड्रमवर. हा तुझा बाप, हा बसवराज, आमचा बसू, गिटार आणि गाणं त्याचं. बँडचं नाव ‘भोंगा’. कोट लग्नाच्या बँडवाल्याकडनं आणलेले, लिपस्टिक माझ्या फूफीची. केस तेवढे स्वतःचे. एसटीत लोक तुझ्या बापाला म्हणायचे, वैनी, जरा सरका की."

"आणि गाणी?"

"वरून सगळा झगमगाट. ग्लॅम मेटल म्हणतात ना, तसलं. पण बसूनं तोंड उघडलं की आतून ब्लूजच निघायचा, अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं ते दुखरं गाणं. वळसंगचा पोरगा, इथंच मागावर कामाला. ‘धोटा’ हे गाणं त्यानं इथंच केलं, मागावर उभ्याउभ्या. आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडं पळतो ना, तो धोटा. धोटा गेला, धोटा आला, मधला माणूस कुठं गेला."

शब्द त्यांनी नुसते बोलून दाखवले.

"चाचा, टेपवर बाबा गातात का?"

"नाही. सुरुवातीला थोडं बोलतात फक्त."

"मला तेवढंच हवंय."

"तेवढंच नको ऐकूस, बेटी. गाणं ऐक. सुरुवात मी पुढं पळवतो."

"मी त्यासाठीच आलेय."

चाचांनी बराच वेळ टेपरेकॉर्डरच्या बटणावर बोट नुसतं ठेवलं. मग दाबलं.

आधी खरखर. तिच्याखाली एक जाड, सलग घरघर. मग एक आवाज आला. तरुण, थोडा नाकातला, घाईतला.

"थांब रे बसू, घरघर येतीय. अर्थिंगची वायर कापतो. हं. गेली बघ. गा आता बिनधास्त."

धम्मप्रियानं टेप मागं घेतली. पुन्हा ऐकली. पुन्हा. तिसऱ्यांदा ती रडली. शब्दांकडं तिचं लक्षच नव्हतं. ‘बघ’ म्हणताना बाबांचा आवाज असा शेवटी वर जायचा, एवढंच तिला आठवत होतं.

मग गाणं सुरू झालं. संथ, रडवेलं गिटार, खाली मागासारखा खटक-खटाक ठेका, आणि बसवराजचा फाटका, गोड आवाज. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्यात ‘मधला माणूस’ म्हणता म्हणता आवाज थांबला. गिटारची एकच तार कर्कश वाजत राहिली. ड्रमचे चार ठोके एकटेच पडले. खाड्कन काहीतरी आपटलं आणि टेप संपली.

"ते चार ठोके माझे," चाचा म्हणाले. "मला कळलंच नाही. मी आपला वाजवतोय."

पत्रा वाजला.

"जुना अँप्लिफायर. त्याच्या पेटीत करंट उतरायचा आणि वायरीनं जमिनीत जायचा. वायर कापली, घरघर गेली, करंट बसूच्या गिटारात राहिला. शुक्रवारच होता. तो अनवाणी उभा, आणि फरशीवर पाणी मी मारलेलं, सवयीनं. पाणी माझं, वायर तुझ्या बापाची. बावीस वर्षांची पोरं आम्ही."

घरात चप्पल घातल्याशिवाय इस्त्रीला हात लावायचा नाही, म्हणून बाबांनी तिला एकदा फाडकन मारलं होतं. एकदाच.

"अब्बांनी सांगितलं, बसू मागाच्या मोटरीच्या शॉकनं गेला. प्रदीपचं आयुष्य नासू नये म्हणून. पोलिसात स्वतःचं नाव दिलं. बसूची बहीण मायाक्का अजून म्हणते, पीरसाबच्या, म्हणजे अब्बांच्या, मोडक्या मशीननं माझा भाऊ खाल्ला. अब्बा मेले तेव्हापण म्हणाली. तीस वर्षं ती हे गाणं मागतीय, भावाचा आवाज ऐकायला. मी नाही दिलं. प्रदीपला वचन होतं."

"आता?"

"आता तो नाही. तू आहेस. म्हणशील तर सुरुवात काढून देतो. दहा सेकंदांचं काम."

हो म्हणावं असं तिला फार वाटलं. तोंड उघडलंही. पण बाबांचा आवाज मिळाला नव्हता तेव्हा आपण काय काय द्यायला तयार होतो, ते तिला ठाऊक होतं. मायाक्काही तशीच तीस वर्षं बसली होती, आणि चुकीच्या माणसाला शिव्या देत होती.

"काढू नका," ती म्हणाली.

टेप फोनवर उतरवून घेऊन रविवारी दोघं वळसंगला मायाक्काकडं गेली. चाचा फाट्यावर रिक्षातच थांबले, मायाक्का त्यांना उंबरा ओलांडू देत नसे. धम्मप्रिया एकटी गेली. मायाक्का सोप्यात ज्वारी निवडत होती. बसूचं गाणं म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि फोन कानाला लावला.

चार ठोके झाले तरी ती थांबून होती.

"म्होरं?"

"पुढं नाही, मावशी."

"पयल्यापासनं लाव."

दुसऱ्यांदा ऐकताना तिनं सुरुवातीलाच हात वर केला. "ह्यो कोन बोलतोय? वायर कापतो म्हनतोय ह्यो?"

माहीत नाही, असं म्हणता आलं असतं.

"माझे बाबा," धम्मप्रिया म्हणाली. "प्रदीप. त्या वायरीमुळं करंट गिटारात आला. मशीन मोडकं नव्हतं. पीरसाबांनी बाबांसाठी खोटं सांगितलं."

मायाक्कानं फोन सुपातल्या ज्वारीवर ठेवला.

"उमरला ठाव व्हतं?"

"हो."

"कुटं हाय त्यो?"

"फाट्यावर. रिक्षात बसलेत."

"बोलीव त्याला."

आवाजात राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं. धम्मप्रियानं सुपातून फोन उचलला, चिकटलेले दाणे झटकले आणि चाचांचा नंबर लावला.