तिसऱ्यांदा विचारलं तर

आर्डिसचा नवरा रेमो वारला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची मोठी बहीण फिलोमिना येऊन आर्डिसच्या स्वयंपाकघरात बसली. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सरळ विचारलं, "त्याला तुझ्या गावी न्यायचंय का? असेल तर आत्ता सांग. मी अडवणार नाही."

आर्डिसला न्यायचंच होतं. उत्तर मिनेसोटात, तळ्याच्या वरच्या अंगाला, तिच्या आईवडिलांच्या कबरींशेजारी दोन जागा कधीच्या राखून ठेवलेल्या होत्या. रेमोने त्या पाहिल्या होत्या. तिथल्या गवतावर आडवा पडून तो म्हणाला होता, "इथवर माझ्या बहिणीचा आवाज पोचणार नाही." इकडे त्यांच्या शहरात, बेयोनमध्ये, त्याच्या आईच्या कबरीजवळ, एकच जागा उरली होती.

"नको गं," आर्डिस म्हणाली. "केवढा व्याप होईल सगळ्यांना. इथेच ठीक आहे."

"बरं," म्हणून फिलोमिनाने चष्मा लावला आणि फोन उचलला.

आर्डिस वाट बघत राहिली. तिच्या गावी पहिला नकार नुसता रीत म्हणून असतो. कॉफी असो, केकचा शेवटचा तुकडा असो, बर्फात रुतलेली गाडी ओढून द्यायची असो, आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की जरा हळू नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "तुम्हाला त्रास होणार नसेल तर" असं म्हणून घ्यायचं. पहिल्या खेपेलाच हो म्हणणारा माणूस हावरा. आणि एकदाच विचारून थांबणाऱ्याला मुळात द्यायचंच नव्हतं, असं धरायचं.

रेमोला हे उमगायला बराच काळ लागला होता. लग्नानंतर त्याच्या आईकडे जेवायला गेलं की आर्डिस अर्धपोटी परत यायची, आणि तो गाडीत विचारायचा, "अगं मग वाढून का नाही घेतलंस?" पुढे मात्र तो बोटांवर मोजायला लागला. "फिरायला येतेस? एक. येतेस? दोन. आर्डिस, येतेस का? तीन झाले, आता खरं बोल." ती पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. "तिथे तरी एका नमुन्यावर कुठे विश्वास ठेवतात," असं तो फिलोमिनाला समजावायचा. फिलोमिना म्हणायची, "आम्हाला देवाने तोंड दिलंय. आम्ही ते वापरतो."

फोनवर फिलोमिना दफनाची वेळ ठरवत होती, फुलं ठरवत होती. मग तिने फोन ठेवला आणि ती घरून आणलेले पास्त्याचे ट्रे फ्रिजमध्ये बसवायला लागली.

"आमच्याकडे अजून जमीन गोठली नसेल," आर्डिस कप पुसता पुसता म्हणाली. गोठली नाही म्हणजे अजून कबर खणता येते; तिच्या गावी एवढं ऐकून कुणीतरी हातातलं काम टाकून समोर बसलं असतं.

"हो का? इथेही गारठा आहेच. हीटर वाढवू?"

"नको."

फिलोमिनाने हीटर वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी अंत्यदर्शनाला खोली माणसांनी भरून गेली. सगळे मोठ्याने रडत होते, मोठ्याने हसत होते, एकमेकांना मध्येच तोडून रेमोच्या गोष्टी सांगत होते. आर्डिसच्या वडिलांच्या वेळी लोक भिंतीकडेने उभे राहून यंदाच्या बर्फाबद्दल बोलले होते. ती फिलोमिनाजवळ गेली. "आमच्या तळ्याजवळची पाइनची झाडं त्याला फार आवडायची," ती म्हणाली. ती याहून स्पष्ट बोलूच शकत नव्हती.

"त्याला काय आवडत नव्हतं?" म्हणून फिलोमिनाने तिला घट्ट मिठी मारली.

शनिवारी रेमोला त्याच्या आईशेजारी ठेवलं. आईच्या कबरीच्या दगडावर त्याचं नाव कोरायला एकाच ओळीची जागा होती. एक चुलतभाऊ आर्डिसच्या कानाशी येऊन म्हणाला, "आईजवळ गेला. बरं झालं ना?" ती म्हणाली, "हो."

नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण उलटल्यावर एका रविवारी ती धुतलेले ट्रे परत द्यायला फिलोमिनाकडे गेली. रिकामे ट्रे देववेनात, म्हणून प्रत्येकात थोडी बिस्किटं भरली होती.

"हे काय? नुसतेच आणायचे ना," फिलोमिना म्हणाली. "बस. कॉफी?"

"नको." कॉफी आली नाही. आर्डिस कोट काढून बसली. वाटेत गाडीत घोकलेलं वाक्य तिने एका दमात म्हटलं. "मला त्याला माझ्या गावी न्यायचं होतं."

फिलोमिना बिस्किटांचा ट्रे हातात घेऊन उभीच राहिली. "मी विचारलं होतं तुला."

"एकदा."

"आणि किती वेळा विचारायचं असतं?" असं म्हणाली खरी, पण दोघींची नजर टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीकडे गेली. तिथेच बसून रेमो बोटांवर मोजायचा.

फिलोमिनाने ट्रे खाली ठेवला. "ठीक आहे. आता विचारते. हलवायचं का त्याला? परवानग्या, पाद्री, सगळं मी बघते."

"नको," आर्डिसच्या तोंडून निघून गेलं.

"हलवायचं का?"

"आता कशाला," आर्डिस हळूच म्हणाली, आणि मान वर करून थांबली.

फिलोमिनाने चष्मा काढला. पुसायला कापड शोधलं, मिळालं नाही, तसाच हातात धरला.

"तिसऱ्यांदा मी विचारणार नाही," ती म्हणाली. "तू हो म्हणशील. मग मला माझा भाऊ द्यावा लागेल." मग म्हणाली, "त्या सकाळीही मला ठाऊक होतं गं. म्हणून तर लगेच फोन उचलला."

न विचारता सांगायलाही कुणाची बंदी नव्हती. न्यायचंय, एवढंच म्हणायचं होतं. आर्डिसने तोंड उघडलं. फिलोमिना भिंतीला टेकून उभी होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"चला," आर्डिस म्हणाली, "निघते मी."

तिच्या गावी हे वाक्य म्हटल्यावर माणूस निघत नसतो. अजून तासभर दाराशी, पायऱ्यांवर, गाडीच्या खिडकीशी बोलणं चालतं. फिलोमिनाने तिचा कोट आणून दिला आणि दार उघडून धरलं.