थेट मामावर गेलाय

सराव संपल्यावर कोचने दोघांना रिंगखाली शेजारी शेजारी उभं केलं आणि बाकीच्या पोरांना म्हणाला, "बघा नीट. एक जुना, एक नवा. कोण कुठे कमी पडतो ते तोंडावर बोलायचं. मागून कुजबुज नको."

जुना म्हणजे खांब. बास्केटबॉल क्लबचा सेंटर, म्हणजे रिंगखाली ठाण मांडून उभा राहणारा सगळ्यात उंच गडी. पस्तिशी मागे पडली होती, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधल्याशिवाय कोर्टवर उतरवत नव्हतं. नवा म्हणजे शिडी, त्याचा सख्खा भाचा, एकोणीस वर्षांचा. घरात बल्ब बदलायला स्टूल लागत नाही म्हणून मामानेच हे नाव ठेवलं होतं.

"उडी शिडीची," एक जण म्हणाला.

"खांब उडी मारतोच कुठे? बॉलच त्याच्याकडे चालत येतो."

"पळण्यात शिडी."

"खांबाला पळायला कशाला लागतं? तो आधीच तिथे पोचलेला असतो."

सगळे हसले. खांबही हसला. हातांवर मात्र कुणालाच काही बोलता येईना. तीच लांबसडक बोटं, तेच रुंद पंजे, तीच आत गेलेली छाती. "हा तर थेट मामावर गेलाय," कोच म्हणाला आणि मग शांतपणे मुद्द्यावर आला. पुढच्या मोसमात सुरुवातीला शिडी उतरेल, खांब बेंचवरून येईल.

शिडी बुटांकडे बघत राहिला. खांबाने त्याच्या पाठीत एक थाप मारली. "जागा घरातच राहिली की रे!" असं मोठ्याने म्हणाला खरा, पण कपडे बदलायच्या खोलीत गेल्यावर बराच वेळ पट्टे न सोडता बसून राहिला. या पोराला त्यानेच शिकवलं होतं. बॉल कसा लपवायचा, पाठीने समोरच्याला कसं रेटायचं, पंचाची नजर नसताना कोपर कुठे ठेवायचं, सगळं. आता तक्रार करायची तरी कोणाकडे?

करारापूर्वी सगळ्या खेळाडूंची तपासणी करायची असा नियम त्या वर्षी नव्यानेच आला होता. डॉक्टरबाईंनी शिडीच्या छातीवर थंडगार जेल लावून बराच वेळ यंत्र फिरवलं. मग त्याला आपल्याच मनगटाला दुसऱ्या हाताची बोटं वेटाळायला सांगितली. अंगठा करंगळीच्या नखावर चढून पुढे गेला. शिडीला ती गंमत वाटली. बाईंना वाटली नाही.

"हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी मुळाशी फुगली आहे," त्यांनी सांगितलं. शिडीसोबत त्याची आई आणि खांब दोघंही आत बसले होते. "जोरात पळताना, धक्का बसताना, ती फाटू शकते. एकदा फाटली की हातात फार वेळ नसतो. खेळ बंद करावा लागेल."

"कधी फाटेल?" शिडीच्या आईने विचारलं.

"ते कोणालाच सांगता येत नाही, ताई. उद्या, दहा वर्षांनी, कदाचित कधीच नाही. घरात या बांध्याचं आणखी कोण आहे?"

ताईने भावाकडे पाहिलं. डॉक्टरबाईंनीही पाहिलं. मग तपासणीच्या त्याच टेबलावर खांब आडवा झाला, पाय टेबलाबाहेर लोंबकळत. त्याचंही तेच निघालं. फुगवटा भाच्याच्या एवढाच, किंबहुना थोडा जास्त.

"तुम्ही इतकी वर्षं खेळलात?" बाईंनी पुन्हा एकदा पडद्याकडे बघत विचारलं. "नशीब म्हणायचं."

त्या क्षणी शिडीचा चेहरा उजळलेला खांबाने पाहिला.

ताईचीही तपासणी झाली. तिच्यात थोडंसं होतं, गोळ्यांवर भागण्यासारखं. या भावंडांचे वडील जिना चढताना छातीत कळ आली म्हणून मधल्याच पायरीवर बसले होते ते पुन्हा उठले नव्हते. तेही असेच ताडमाड. तेव्हा कुणी काही तपासलं नव्हतं.

"माझ्यातूनच गेलं म्हणजे त्याच्यात," ताई रिक्षात म्हणाली.

खांबाने खेळ सोडला. त्याला तसाही एखाद-दुसराच मोसम उरला होता. क्लबने शिडीचा करार थांबवला. कोचने त्याला लहान मुलांना शिकवायचं काम देऊ केलं. शिडीने "बघतो" म्हटलं आणि सकाळी मैदानावर एकटाच पळायला जाऊ लागला.

ताईचं शिवणकामाचं दुकान होतं. दोघांच्या मापाच्या पँट बाजारात मिळत नसत, त्या तीच शिवायची. शिडीचे वडील जहाजावर नोकरीला. फोनवरून आवाज यायचा तोही तुटक. "तुझ्या भावाचं ऐकेल तो, त्याला सांग," एवढंच ते म्हणू शकले. म्हणून ताईने भावाला दुकानात बोलावलं, मुलालाही बोलावलं, आणि स्वतः मशीनवर मान खाली घालून बसली.

"दुसऱ्या शहरातल्या क्लबने बोलावलंय," शिडीनेच सुरुवात केली. "तिथे तपासणी नसते. जबाबदारी माझी असं लिहून दिलं की झालं."

"वेड लागलंय का तुला?" खांब म्हणाला.

"तू खेळलास ना? तुला काय झालं?"

"काही झालं नाही, हीच तर पंचाईत आहे! मला काही झालं असतं तर तू ऐकलं असतंस."

"माझ्यापेक्षा तुझं जास्त फुगलंय, मामा. बाईच म्हणाल्या. धक्के तू जास्त खाल्लेस. लहानपणापासून सगळे म्हणतात, मी थेट मामावर गेलोय. मग यातच तेवढा वेगळा निघणार?"

"आजोबांवर गेला असलास तर?"

मशीन थांबली. शिडी हळू आवाजात म्हणाला, "एक विचारू? खरं सांग. माझ्या वयाचा असताना तुला हे कळलं असतं, तर तू थांबला असतास?"

खांबाने उत्तर ठरवूनच आणलं होतं. "हो," तो म्हणाला. पण ते इतक्या घाईने आलं, की त्याचं त्यालाच खोटं वाटलं.

शिडी हसला. त्यात कुचेष्टा नव्हती, माया होती, आणि तेच जास्त लागलं. "तुला थापा मारता येत नाहीत रे, मामा."

ताई उठली. तिने मुलाचा दंड धरला, त्यासाठी तिला हात बराच वर न्यावा लागला. "तुला काय करायचं ते कर, पण हे नको. मी पाया पडते तुझ्या."

"आई, असं नको ना बोलूस. मला दुसरं काय येतं?"

खांबालाही दुसरं काही येत नव्हतं.

खांबाने मग जमेल ते सगळं केलं. कोचकडे गेला. कोच म्हणाला, "माझ्या क्लबात मी त्याला रोखलं. दुसऱ्याच्या दारात जाऊन कसा रोखू?" डॉक्टरबाईंकडे गेला. त्यांनी सांगितलं, पोरगा सज्ञान आहे. त्या नव्या क्लबच्या मॅनेजरला त्याने फोन केला. मॅनेजर नीट ऐकून घेऊन म्हणाला, "तुम्ही त्याचे मामा ना? तुमचा खेळ मी पाहिलाय. काय खेळायचात हो तुम्ही!" आणि पुढे, जरा संकोचून, "जागा गेल्याचा राग समजू शकतो मी." खांबाने फोन ठेवून दिला.

शिडी गेला. सामान थोडंच होतं. ताईने नव्या शिवलेल्या पँट घड्या घालून दिल्या, त्यांवर डॉक्टरबाईंनी दिलेल्या गोळ्यांची पाकिटं ठेवली आणि रोज घ्यायच्या म्हणून बजावलं. तो "घेईन" म्हणाला. घेत असावा.

पहिल्या मॅचला ताई गेली नाही. घरी फोनकडे बघत बसणं त्याहून वाईट निघालं, म्हणून दुसऱ्या मॅचपासून ती भावाबरोबर बसने जाऊ लागली. दोघं रांगेच्या टोकाला, पायऱ्यांच्या बाजूला बसत. काही झालंच तर खाली लवकर पोचता यावं म्हणून. पोचून काय करणार, हे त्यांनी एकमेकांना कधी विचारलं नाही.

शिडी सुंदर खेळत होता. खांबाला त्याच्या वयात जमलं नव्हतं इतकं सुंदर. समोरचा दांडगा सेंटर त्याला छातीने रेटायचा, शिडी हलायचा नाही, आणि मग एका गिरकीत बॉल रिंगमध्ये. लोक उठून ओरडायचे. खांबाचे हात टाळीसाठी वर यायचे आणि तसेच मांडीवर परत जायचे.

त्या दिवशीही ताई कोर्टकडे बघतच नव्हती. ओढणीचं टोक बोटांना गुंडाळत मान खाली घालून बसली होती. मध्येच खाली धप्प आवाज झाला, कुणीतरी आपटलं, आणि सगळं स्टेडियम एकदम गप्प झालं.

"तो आहे का?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही. दुसरा आहे. उठला तो."

"आणि आपला?"

"पळतोय," खांब म्हणाला. मग त्याने फळ्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अजून बारा मिनिटं आहेत."