पट्टी तर फुल्ल होती

नूर महंमदने आपल्या जळगावच्या गॅरेजात बसायला स्टूल दिलं होतं, पण रुपचंद त्याच्यावर काही टिकेना. दोन मिनिटं बसायचा, उठायचा, डावा पाय ओढत गाडीभोवती एक चक्कर मारायचा, बोनेटात डोकं घालायचा आणि शिव्या खाऊन परत यायचा.

"भाऊ, बैस ना गुमान! तुझी सावली पडू राहिली माझ्या हातावर."

"बसलो की अंगात मुंग्या चालतात, नूरभाई. सापडलं का काही?"

"सापडलं असतं तर तुला बैस कशाला म्हटलं असतं?"

रुपचंद बसला. मोबाईल काढून बघितला. साडेबारा. तीन वाजता पितांबर येणार होता, धुळ्याहून, साखळी घेऊन. पितांबर जुन्या गाड्या तोडायचा धंदा करतो. तो आला म्हणजे गाडी ओढून नेणार आणि रुपचंद पुन्हा ओट्यावर बसणार. कायमचा.

ओट्यावर बसणं काय असतं ते त्याला माहीत होतं. असोद्याचा हा माणूस तीस वर्षं रावेरची केळी घेऊन पार दिल्लीपर्यंत दहा चाकी हाणायचा. सहा वर्षांपूर्वी मागून एक टँकर घुसला आणि डाव्या गुडघ्याचा चुरा झाला. सळी टाकली, पाय वाचला, पण वाकेना. आणि जो पाय वाकत नाही, तो क्लच काय दाबणार? दोन वर्षं तो घराच्या ओट्यावर बसून जळगावच्या बसा मोजत होता. कोणती बस किती उशिरा आली, कोणत्या ड्रायव्हरनं वळण चुकीचं घेतलं, सगळं बायकोला सांगायचा. झुंबरबाईचे कान किटले होते.

मग एका मोबाईल टॉवरवाल्या कंपनीच्या लिलावात ही गाडी दिसली. परदेशी, अठरा वर्षांची, छोटा ट्रक म्हणा. पण पेडलं दोनच! क्लच नाहीच. गेर आपोआप पडतात. आरटीओनं लायसनवर तसं लिहूनही दिलं. डावा पाय पाहुण्यासारखा बाजूला पडून राहायचा आणि उजवा पाय गाडी चालवायचा. पहिल्या दिवशी रुपचंद भडगावपर्यंत उगाचच जाऊन आला. काम काही नव्हतं. चहा पिला आणि परत.

अशी चार वर्षं गेली. मग संक्रांतीपासून गाडीनं नखरे सुरू केले. पुढं जायला दांडा डी मध्ये टाकला की दोन-तीन सेकंद विचार करायची, मग दणका देऊन निघायची. गरम झाली की नुसतं इंजन बोंबलायचं, चाक हलायचं नाही. गेल्या आठवड्यात धुळ्याजवळ लळिंगच्या चढावर केळी भरलेली असताना गाडी उभी राहिली आणि मागं सरकायला लागली. रुपचंदनं हँडब्रेक ओढला आणि उतरून चाकामागं दगड लावला. धुळ्याच्या गॅरेजवाल्यानं गाडीखाली वाकूनही बघितलं नाही. म्हणाला, "गेरबॉक्स गेला काका. याचं सामान मिळत नाही. तोडायला देऊन टाका." रुपचंदच्या पोरानं फोनवरूनच पितांबरशी बोलणं केलं. रुपचंदनं एक सकाळ मागून घेतली. फक्त नूरभाईकडं दाखवायला. नूर महंमद नऊ वर्षं रियाधला होता. तिथं सगळ्या गाड्या अशाच.

पण नूरभाईलाही काही सापडेना.

त्यानं गेरबॉक्सचं तेल मोजायची पट्टी ओढून तेलाचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाकले. नाकाशी नेले. "लालच आहे अजून. जरा काळपट झालंय, पण जळून कोळसा नाही झालेलं. म्हणजे आतल्या प्लेटा जिवंत असाव्यात." पट्टी परत घालता घालता विचारलं, "ऑइल बघतो ना?"

"काय विचारता नूरभाई! रोज. अगरबत्ती लावली की पट्टी. आज सकाळीबी बघितली. फुल्ल."

तीस वर्षांचा ड्रायव्हर सांगतोय म्हटल्यावर नूरभाईनं तो विषय सोडला. गेरच्या दांड्याचा जोड बघितला, ठीक. ऍक्सिलेटरपासून बॉक्सकडं जाणारी केबल बघितली, ताणलेली बरोबर. गाडीखाली झोपून हातानं चाचपलं, कुठं गळती नाही. ब्रेक दाबून, डी मध्ये टाकून इंजन वाढवलं. गाडीनं धक्का द्यायला पाहिजे होता. नुसतीच कुईं कुईं करत राहिली. नूरभाईनं इंजन बंद केलं आणि कपाळावर काळा हात फिरवला.

"आता बॉक्स उतरवूनच बघावं लागेल, भाऊ. आणि उतरवला तर आत काय निघेल..."

"उतरवू नका," रुपचंद एकदम म्हणाला. "मेलेलं तर मेलेलं, पण फाडू नका."

नूरभाई परत एकदा गाडीखाली शिरला, तेवढ्यात फोन वाजला. इंजनाच्या आवाजानं रुपचंदचे कान कधीच गेलेले, म्हणून त्याचा फोन कायम स्पीकरवर. झुंबरबाई.

"अवो, काय झालं गाडीचं?"

"काही नाही झालं अजून."

"बरं, येतांना ते लाल तेल आनजा जरा. बाटली रिकामी झाली. शिलाईची मशीन करकर करू राहिली, शेजारच्या मयुरीचं ब्लाउज अर्धं पडेल आहे."

"अगं इथं काय चाललंय आणि तुले मशीनचं..."

"थांब, थांब!" नूरभाई गाडीखालून बाहेर सरकला. "वहिनी, कोणतं लाल तेल?"

"तेच ना, यांच्या गाडीचं! लई गुणाचं तेल, भाऊ. मशीन कशी पान्यासारखी चालते. गल्लीतल्या बठ्ठ्या दारांच्या कड्यांना मीच देते."

नूरभाईनं फोन बंद केला आणि रुपचंदकडं असं बघितलं की रुपचंद आपणहून स्टुलावर बसला.

"गाडीचं तेल घरी कसं गेलं?"

"जास्त भरतं ना ते," रुपचंद म्हणाला. "सर्विसिंगला टाकलं की पट्टीवर खुणेच्या वर दाखवतं. जास्त तेल इंजनाला वाईट. मग मी काढून घेतो. ढोरांना औषध पाजायची नळी आहे माझ्याकडं. टाकून काय द्यायचं, चांगलं तेल..."

"किती वेळा काढलं?"

"तीन. चार वेळा. थोडं थोडं. दिवाळीला सर्विसिंग केली तेव्हापासून."

"आणि पट्टी बघतो कशी? करून दाखव."

रुपचंद उठला. इंजन बंदच होतं. पट्टी काढली, सदऱ्याला पुसली, घातली, काढली. खुणेला बरोबर टेकलेली. इतकं नीट काम केलेल्या माणसाच्या तोंडावर असतो तसा भाव त्याच्या तोंडावर होता.

नूरभाईनं पट्टी त्याच्या हातातून घेतली. केबिनमध्ये चढला, इंजन चालू केलं. दांडा एकेका खाचेतून फिरवून परत पार्किंगच्या पी वर आणला. इंजन चालू ठेवून खाली उतरला, पट्टी पुसली, घातली, ओढली आणि रुपचंदच्या नाकासमोर धरली.

टोक कोरडं होतं. पार कोरडं.

"बंद गाडीत सगळं तेल खाली येऊन बसतं, भाऊ. इंजन चालू झालं की वर पळतं. हा बॉक्स म्हणजे डिझेल इंजन नाही, सकाळी थंड्या गाडीत पट्टी बघायला. तू भरलेलं तेल जास्त समजून काढत गेला. बॉक्स उपाशी मारला तू."

 आठवडाभर रुपचंद धुळ्याच्या गॅरेजला शिव्या देत होता. टॉवरवाल्यांना देत होता. नशिबाला देऊन झाल्या होत्या.

"म्हणजे मीच..."

"तू. आणि मी पण गाढव. तू फुल्ल म्हटलं, मी मान हलवली. चल, तो गेरच्या तेलाचा डबा आण."

नूरभाईनं इंजन चालूच ठेवलं, पट्टीच्या नळीत लांब नरसाळं लावलं आणि थोडं थोडं तेल सोडायला लागला. जरा ओतायचं, दांडा फिरवायचा, पट्टी बघायची. रुपचंद एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. "घेतलं का? किती घेतलं?" दोन लिटरच्या वर गेलं तेव्हा ती कुईं कुईं आपोआप बंद पडली. रुपचंदनं ते ऐकलं. कान गेलेले असूनही ऐकलं.

"आता गाडी वाचली का?"

"चढावर कळेल. उपाशी चालवली आहे, आत किती घासलं ते अल्लालाच माहीत. रिकामी नको, वजन पाहिजे."

तेवढ्यात पितांबर आलाच, तीनच्याही आधी. चांगला शंभर किलोचा गडी. "काय नाना, गाडी कोठे शे? बठ्ठं ठरेल शे ना?"

"मागं बैस," रुपचंद म्हणाला.

"का बरं?"

"नेण्याआधी चाल बघशील का नाही? बैस. नूरभाईंच्या त्या लोखंडाच्या पेट्यापण घे."

नूरभाई बाजूला बसला. रुपचंदनं दांडा डी वर ओढला. गाडीनं विचार केला नाही. लगेच उचल घेतली. गल्ली गेली, चौफुली गेली, उड्डाणपुलाचा चढ लागला. रुपचंदनं श्वास धरला आणि उजवा पाय हळूच दाबला. अर्ध्या चढावर गेर बदलताना एक हलका झटका बसला. नूरभाईनं डोळे मिटले. रुपचंदचा डावा पाय, जो सहा वर्षं कशालाच उपयोगी नव्हता, तो आपोआप क्लच शोधायला लागला.

गाडी थांबली नाही. चढली. पुलाच्या डोक्यावर आली.

"थोडी झीज झाली आहे," नूरभाई डोळे उघडून म्हणाला. "केळी भर, पण चढाला पाय हलका ठेव. महिन्यानं ये, तेल बदलू. आणि ती ढोराची नळी..."

"फेकतो."

"मला दे. आता मागं वळव, माझं दुकान उघडं आहे."

पण रुपचंदला वळायचंच नव्हतं. पूल उतरला आणि गाडी असोद्याच्या रस्त्याला लागली. मागून पितांबर केबिनच्या टपावर दणादण हात मारत होता. "नाना! अवो नाना! कोठे ली चालनात? माले उतारी द्या!"

"काय म्हणतो तो?" रुपचंदनं विचारलं.

"काही नाही," नूरभाई हसत म्हणाला. "चाल आवडली म्हणतो."