दानेश्वरी मंगल कार्यालयातली शर्यत

"कोल्हापूरचं नाव आजवर लाल मातीमुळं झालं," मल्लेश शेटे नाश्त्याच्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "इथून पुढं ते लाल गालिच्यामुळं होणार. लिहून ठेव."

"ठेवते," त्याची बायको विद्याश्री म्हणाली. "आधी ती गाडी दह्यातनं काढा."

गाडी खरोखरच दह्यात होती. बोलण्याच्या भरात रिमोटच्या बंदुकीसारख्या घोड्यावर बोट दाबलं गेलं होतं आणि हातभर लांबीची ती निळी गाडी शेंगदाण्याच्या चटणीतून वळण घेत वाडग्यात पुढची दोन चाकं बुडवून थांबली होती. मागची दोन अजून फिरत होती.

रिमोटवर पळणाऱ्या या गाड्यांना घरात, गल्लीत आणि सबंध गावात एकच शब्द होता, खेळणं. चाळिशीला टेकलेल्या मल्लेशला तो फार लागायचा. त्याच्या गाडीला चारही चाकांना स्वतंत्र शॉकअब्सॉर्बर होते, डिफरन्शियल होतं, दातेरी चक्रं बदलून वेग कमीजास्त करता यायचा. उद्यमनगरात दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या जीपगाड्यांत जे धड नसे, ते सगळं या गाडीत धड होतं. तरी जीप ती गाडी आणि हे खेळणं.

दुबईच्या मेव्हण्यानं दिवाळीला एक परदेशी मासिक आणलं होतं. त्यात लिहिलं होतं की, थंडी पडली की खरे शर्यतवाले मैदान सोडून छपराखाली येतात आणि गालिच्यावर ट्रॅक मांडतात. सोबतच्या फोटोत दारापर्यंत बर्फ साचला होता. कोल्हापुरात जानेवारीच्या दुपारी माणूस बनियनवर गच्चीत झोपू शकतो. चिखल नाही, चटका नाही, असे वर्षातले हे एवढेच काय ते दिवस. ही बाब अभिनंदन मगदूमनं त्याच्या लक्षात आणून दिली. अभिनंदन जयसिंगपूरचा, शेतीच्या पाइपांचा व्यापारी आणि जिल्ह्यात अशी गाडी बाळगणाऱ्या मोजक्या मंडळींपैकी एक.

"भावा, बाहेर एवढी गोड हवा हाय. माळावर मांडू की."

"नियम म्हणजे नियम. हिवाळ्यात आत."

"पण आपल्याकडं हिवाळा हाय कुठं?"

"नसला म्हणून काय आपण मागं राहायचं?"

यावर अभिनंदन उठला. तो ट्रॅकच्या कडांसाठी पाइप आणायला गेला.

आत म्हणजे कुठं, हा प्रश्नच नव्हता. शेट्यांचं स्वतःचं 'दानेश्वरी मंगल कार्यालय' होतं. त्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अंथरायचा लाल गालिचा होता, आणि पौष महिना लागत होता. पौषात गावात कुणी लग्न काढत नाही. कार्यालयाचे मालक बसलिंगाप्पा, म्हणजे मल्लेशचे अप्पा, त्या महिन्यात पडदे धुवायला टाकत आणि दारात खुर्ची घेऊन तपकीर ओढत बसत.

अप्पांनी तरुणपणी कागलच्या माळावर बैलगाड्या पळवल्या होत्या. त्यामुळं शर्यत हा शब्द ते देव्हाऱ्यातल्या घंटीसारखा जपून वापरत. मोटारसायकलींच्या शर्यतीला ते 'आवाज' म्हणत. घोड्यांच्या शर्यतीला 'जुगार' म्हणत.

"अप्पा, पौषभर हॉल पायजे हुता."

"कुणाचं लगीन हाय?"

"लगीन न्हाय. शर्यत."

अप्पांची चिमूट नाकाशी येऊन थांबली. "कशाची?"

"गाड्यांची. रिमोटच्या."

"म्हंजे खेळण्यांची."

"शर्यत, अप्पा."

"बैल कुठायत?"

"मोटर हाय की."

"धुरळा उडतो?"

"गालिच्यावर धुरळा कसा उडंल?"

"बैल न्हाय, धुरळा न्हाय, अन् म्हणं शर्यत." चिमूट आत गेली. अप्पांनी सावकाश डोळे पुसले. "घे हॉल. पौष तुझा. पण गावात हसं झालं, न्हायतर गालिच्याला भोक पडलं, तर माघ लागायच्या आत सगळी खेळणी माळ्यावर. कायमची."

मल्लेशला माळ्याची एवढी भीती नव्हती. त्याला दुसरंच काही हवं होतं. त्या गाड्या पळताना बघून अप्पांनी एकदा, चार माणसांत, तोंडानं 'शर्यत' म्हणावं. बस. बाकी नाव जगात होवो न होवो.

गालिचा अंथरला आणि पहिली अडचण उभी राहिली. तुळशीच्या लग्नापासून त्या हॉलमध्ये जेवढी जोडपी बोहल्यावर चढली होती, त्या सगळ्यांच्या अक्षता गालिच्याच्या लवेत मुरल्या होत्या. अभिनंदनची गाडी पहिल्याच फेरीत कर्रर्र करून उभी राहिली. उघडून बघितली तर चक्राच्या दातांत तांदूळ.

"हे कुणाचं लगीन अडकलंय म्हणायचं?" अभिनंदन दाणा नखानं काढत म्हणाला.

मग झाडू झाले, ब्रश झाले, शेवटी विद्याश्रीनं जुने कंगवे आणून दिले. दोघं शर्यतवाले गुडघ्यांवर बसून गालिचा विंचरू लागले.

"घरात कधी वाटीभर तांदूळ निवडले नाहीत," ती दारातून म्हणाली, "आणि इथं गावाचे निवडताय."

अभिनंदनच्या काळ्या पाइपांनी ट्रॅकच्या कडा आणि वळणं झाली. भारनियमनात बॅटऱ्या चार्ज करायला वऱ्हाडासाठीचा जनरेटर धडधडू लागला. चालकांनी उंचावर उभं राहावं, असं मासिकात होतं. त्यासाठी स्टेज आयतंच होतं. नवरानवरीच्या सोनेरी खुर्च्या खिळे ठोकून पक्क्या केलेल्या असल्यामुळं त्या तशाच राहिल्या. मागच्या थर्माकोलवर 'शुभविवाह' होतं, तेही राहिलं.

त्या स्टेजखाली वीतभर फट होती. हात पुरत नसे, झाडू वळत नसे. वर्षानुवर्षं लग्नात जे घरंगळलं ते तिथं गेलं आणि तिथंच राहिलं. सरावाच्या वेळी मल्लेशची गाडी वळण चुकून त्या फटीत घुसली. आत खुडबुड झाली. थोड्या वेळानं दुसऱ्या अंगानं गाडी बाहेर आली ती अँटेनावर मोत्यांची जुनाट मुंडावळी लटकवून.

दारात अप्पा तपकिरीची चांदीची डबी हातात फिरवत उभे होते.

"नवरदेव आला की," ते म्हणाले आणि निघून गेले.

इकडं गावात बोलणं सुरू झालं होतं. पौषात मंगल कार्यालयात दिवे, जनरेटर चालू आणि दारं लावलेली. गल्लीतल्या झुंबरबाईंनी विद्याश्रीला भाजी घेताना कोपऱ्यात ओढलं. "कुणाची एवढी घाई झालीया गं? पौष सरायलाबी थांबंनात?" विद्याश्रीनं खरं ते सांगितलं. झुंबरबाईंनी मान डोलावली. मोठ्या घरची माणसं असं काहीतरी सांगून झाकणारच, हे त्यांना ठाऊक होतं.

या बातमीचा फायदा एवढाच झाला की शर्यतीच्या दिवशी हॉल भरला. निम्मे लोक मुलगी बघायला आले होते. शाहूवाडीकडचं एक म्हातारं जोडपं तर आहेराचं पातेलं घेऊन पुढच्या रांगेत बसलं. "पावणं, लगीन न्हाय इथं," अभिनंदन म्हणाला. "असूं दे," म्हातारा म्हणाला, "वाट बगू की."

उद्‌घाटनाला हंबीरराव होते. हंबीरराव एके काळचे पैलवान, आणि या गावात पैलवानाशिवाय पिठाची गिरणीसुद्धा सुरू होत नाही. मल्लेशनं त्यांच्यावर आणखी एक काम सोपवलं होतं. वळणावर उभं राहायचं आणि गाडी उलटली की लगेच सरळ करून पुन्हा ट्रॅकवर ठेवायची. मासिकात या माणसाचं महत्त्व फार होतं. हंबीररावांनी सगळं ऐकून घेतलं, फेटा सारखा केला आणि खिशातून लिंबू काढलं.

"हे कशाला?"

"नवी गाडी हाय न्हवं? लिंबावरनं जाया नको?"

नाही म्हणणं शक्य नव्हतं. सबंध जिल्ह्यात लिंबू चिरडल्याशिवाय ट्रॅक्टर शोरूमबाहेर पडत नाही. हळदकुंकू लावलेलं टपोरं लिंबू मल्लेशच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी ठेवलं गेलं. नारळ फुटला, हलगी कडाडली. मल्लेशनं घोडा दाबला. गाडी लिंबावर चढली, क्षणभर विचारात पडली आणि उताणी झाली. लिंबू जागचं हललं नाही.

चार चाकं वर करून गाडी फिरफिर करत राहिली. हंबीररावांनी वाकून नीट बघितलं आणि हात वर केला.

"पाठ लागली!"

"हंबीरराव, सरळ करा तिला," मल्लेश स्टेजवरून ओरडला.

"कशापायी?"

"पुढं पळायची हाय अजून!"

"पाठ लागल्यावर?" हंबीररावांचा चेहरा दुखावला. "उभ्या जन्मात असलं काम केलं न्हाय मी. आकाश दिसलं की संपलं."

"बरोबर हाय!" हॉल एका आवाजात म्हणाला. इतका वेळ मुलगी शोधणाऱ्या लोकांना पहिल्यांदाच समोर काय चाललंय ते कळलं होतं.

मल्लेश मासिक हातात घेऊन खाली उतरला. योग्य पान उघडून ते हंबीररावांच्या नाकासमोर धरणार, एवढ्यात त्याची नजर पुढच्या सोफ्याकडं गेली. वधूपित्यासाठी ठेवलेल्या त्या सोफ्यावर अप्पा बसले होते. कधी आले कुणास ठाऊक. पण ते पुढं झुकले होते. एका हातात डबी, दुसऱ्या हातात चिमूट, आणि ती चिमूट नाकाकडं न्यायची ते विसरले होते.

मल्लेशनं मासिकाची सुरळी केली आणि खिशात घातली. लिंबाची कुस्ती सलामी समजावी, असं त्यानं माइकवर जाहीर केलं. पुढच्या फेऱ्या हंबीररावांच्या नियमानं.

त्यानंतर जे झालं त्याला परदेशात काय म्हणतात ते कळायला मार्ग नाही. फेऱ्या कुणी मोजल्या नाहीत. जिल्ह्यातून आलेल्या मोजक्या मंडळींच्या सुसाट सुटलेल्या गाड्या दुसऱ्या वळणापासून सावध झाल्या. एकमेकींच्या अंगाला अंग लावून त्या गोल फिरू लागल्या, बगलेत घुसू लागल्या, मागं सरून अंदाज घेऊ लागल्या. एक उताणी पडली की हलगी वाजायची आणि हंबीरराव तिला उचलून मालकाच्या हवाली करत, पाठीवर थाप मारून, "पुढच्या वर्षी ये" म्हणत. शाहूवाडीचा म्हातारा पातेल्यावर ताल धरून होता.

शेवटाला दोघं उरले, मल्लेश आणि अभिनंदन. एकानं सोनेरी खुर्चीच्या अलीकडं उभं राहायचं, दुसऱ्यानं पलीकडं. निळी गाडी आणि पिवळी गाडी. पहिली टक्कर झाली आणि अप्पा सोफ्यावरून उठले.

"मल्ल्या, डावीकडनं घे! डावीकडनं!"

मल्लेशनं डावीकडून घेतली.

"शिंग घाल!"

शिंग नव्हतं. मल्लेशनं बंपर घातला. पिवळी गाडी डगमगली, सावरली.

"आता सैल सोड! दम खाऊ दे तिला!"

बॅटरीवरची गाडी दम खात नाही, हे मल्लेशला माहीत होतं. तरी त्यानं सैल सोडली. अप्पा आता स्टेजला येऊन भिडले होते, टोपी कलली होती, आवाज कागलच्या माळावर पोचेल असा लागला होता. विद्याश्री चहाचा ट्रे घेऊन खांबाशी थिजली होती. गेल्या दहा वर्षांत सासऱ्यांना तिनं एवढं जोरात बोलताना ऐकलं नव्हतं, तेही नवऱ्याच्या बाजूनं.

शेवटच्या वळणावर पिवळी गाडी मुसंडी मारायला निघाली, आणि कुणा तरी सुखी जोडप्याची कंगव्यातून सुटलेली अक्षता तिच्या चक्रात सापडली. कर्रर्र झालं. पुढची चाकं अडली, मागची वर उचलली गेली, मल्लेशनं मागून हलकेच रेटा दिला आणि पिवळी गाडी कोलांटी घेऊन आकाशाकडं बघू लागली.

"तांदूळ हाय त्यात!" अभिनंदन ओरडला. "हे न्हाय चालत! तांदूळ हाय!"

"पाठ लागली!" हंबीरराव म्हणाले.

हलगीचा कडकडाट झाला. अप्पांनी दोन्ही हात वर फेकले, शेजारच्या शाहूवाडीच्या म्हाताऱ्याला मिठी मारली आणि तसेच तरातरा स्टेजच्या पायऱ्या चढून आले. त्यांनी माइक घेतला. हलगी थांबली. जनरेटरसुद्धा हळू झाल्यासारखा वाटला.

मल्लेश रिमोट छातीशी धरून उभा राहिला. 

"मंडळी," अप्पा म्हणाले. दम लागला होता, ते थांबले. "मी लई शर्यती बघितल्या. कागलच्या माळावर माझी स्वतःची जोडी पळालीया. त्यामुळं शर्यत कशाला म्हणायचं, ते मला कुणी शिकवायचं काम न्हाय."

"व्हय, व्हय," लोक म्हणाले.

"तवा आज मी सगळ्यांम्होरं एक सांगणार हाय."

मल्लेश एक पाऊल पुढं सरकला. विद्याश्रीनं ट्रे खाली ठेवला. अभिनंदनसुद्धा तांदूळ विसरला.

"मल्लेश," अप्पा म्हणाले. मल्ल्या नव्हे, लेका नव्हे, पूर्ण मल्लेश. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्या हातातल्या रिमोटकडं बघितलं, मग खाली उभ्या असलेल्या विजयी निळ्या गाडीकडं बघितलं. आवाज मऊ झाला. "मघाशी हात वर केले तवा माझी डबी घरंगळून स्टेजखाली गेली. तिथं झाडू जात न्हाय. तेवढं तुझं खेळणं आत घालून काढून दे की."